मास्तरची सैल काजं

…तर भर सभेत माझ्या सदऱ्याची बटणं एकामागून एक निसटली, इथवर काल आलो होतो. निसटणारच! सदरा शिवला होता आमच्या मास्तरनं. मास्तर म्हणजे शिंपी, शाळेपासूनचा माझा दोस्त. त्या वर्षी त्याच्या हातचा प्रत्येक सदरा असाच उघडा पडत होता.

झालं होतं असं, की सकाळी मास्तरला स्वतःची बटणं लागेनात. तुम्हा-आम्हाला वाटलं असतं, बोटं बिघडली. पण हा पडला शिंपी! त्याला वाटलं, काजंच अरुंद. मग त्यानं गिऱ्हाइकांचीही काजं मोठी कापायला घेतली.

वहिनी म्हणाल्या, "अहो, हातातून कात्री पडते, चालताना पाय लटपटतात. तेही काजांमुळंच का?"

"कात्रीची मूठ गुळगुळीत झालीय," म्हणे!

शेवटी एकदा मान खाली घालून कापड बेतताना पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखी झिणझिणी आली, आणि स्वारी मुकाट माझ्याबरोबर दवाखान्यात निघाली.

डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो दाखवला. मणक्यांमधून मज्जारज्जू जातो ती वाट ह्याची मुळातच अरुंद, वयानं आणखी आवळलेली. आत रज्जू चेपला होता. "ऑपरेशन करून वाट मोठी करू. त्रास वाढायचा थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते आज सांगता येत नाही."

"सुई धरता येईल?" मास्तरनं विचारलं. त्याला तेवढंच हवं होतं.

"बघू," बाई म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही.

मास्तर माझ्याकडं वळून हसला. "अरुंद काज माझ्याच मानेत होतं रे! आणि मी लोकांची कापत बसलो."

ऑपरेशन झालं. गळ्याला पट्टा आला. "जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं फिरतोय," असं सगळ्यांना ऐकवायचा. बटणं वहिनी लावायच्या, आणि हा दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायचा. बोटांचा बधिरपणा पुरता गेला नाही, पण हळूहळू चिमूट जमायला लागली.

एका सकाळी गेलो, तर गडी दुकानात, सुईत दोरा ओवलेला! मी तिथल्या तिथं अंगातला तो सभेतला सदरा काढून त्याच्या पुढ्यात टाकला. "घे, आता ही काजं लहान कर."

मास्तरनं सदरा उलटापालटा केला. सुई उचलली, ती पडली, पुन्हा उचलली.

"कापलेलं काज लहान होत नसतं, बाबा. मोठी बटणं लावून देतो. हात अजून सावकाश चालतो माझा, तेव्हा बस तसाच उघडा, आणि त्या सभेत बटणं निसटल्यावर पुढं काय झालं, ते सांग."