पाचपैकी पाच

आमचा धाकटा बावन्न वर्षांचा झाला, तरी मला तो धाकटाच. दोन खुर्च्यांचं आमचं सलून. दारापाशी तो, आत मी. समोरच्या लांब आरशात आम्हाला एकमेकांचे हात दिसतात. दाढीचा वस्तरा धरावा तर त्यानंच. मी आपला कात्रीवाला.

सात महिन्यांपूर्वी त्याला साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. गेल्या महिन्यापासून मात्र अकराच्या सुमाराला त्याचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम. मग "आलोच" म्हणत मागे जायचा, चहाच्या डब्यातली मूठभर साखर तोंडात टाकायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत. गिऱ्हाईक बिचारं मान मागे टाकून डोळे मिटलेलं. आरशात ते बघून माझी कात्री थांबायची. एक दिवस कुणाचा तरी गळा जाईल, नाहीतर हाच जाईल.

विचारलं तर म्हणे, "दादा, तू तुझं गिऱ्हाईक बघ."

दवाखान्यात तेव्हा एक कागद भरून घेत होते. गोळ्यांबद्दल रुग्ण किती समाधानी? मी सोबत होतो. यानं सगळीकडे पाचपैकी पाच गुण दिले. त्रास होतो का? नाही. दुसऱ्याला ही गोळी सुचवाल का? हो. डॉक्टरीणबाईंनी तीच गोळी पुढे चालू ठेवली.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस रे?"

"खरं सांगितलं की गोळी बंद, इन्सुलिनची सुई चालू. सुई लागल्यावर बाबांचं काय झालं, विसरलास?"

विसरीन कसा? आधी पाय कापला, वर्षात बाबा गेले. सुई त्यांनी फार उशिरा घेतली हे मला कळतं, पण भीतीला कुठे कळतंय? मी तो विषय तिथेच सोडला.

विषय सोडायला अजून एक कारण होतं. त्याच आठवड्यात मीही रक्त तपासलं होतं. तो रिपोर्ट चार दिवस माझ्या खणात, फण्यांखाली पडून होता. त्यात मलाही साखर निघाली होती.

मंगळवारी, दुकान उघडायच्या आधी, तो रिपोर्ट धाकट्यासमोर ठेवला. वाचता वाचता त्याचा ब्रश साबणातच राहिला.

"मी पण तुझीच गोळी सुरू करतो," मी म्हणालो. "पाचपैकी पाच आहे ना? दवाखान्यात कशाला जायचं?"

मी चेष्टा करत नव्हतो. सुईला मीही तितकाच घाबरत होतो.

त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मला वाटलं, देतोय. त्यानं ती मुठीत आवळून धरली.

"नको दादा. तू नको घेऊस. डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा वस्तरा कुणाच्या गालावर आहे, तेच मला आठवेना."

त्या दिवशी दुकान बंदच राहिलं. दवाखान्यात त्यानं सगळं सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर गोळी, आणि पोटात अन्न पडायला बारा वाजतात, हेसुद्धा. मग कुणी न सांगता त्यानं सुईसाठी शर्टाची बाही वर केली आणि डोळे मिटून घेतले.

"बाही खाली करा," बाई म्हणाल्या. "गोळी बदलून देते. पण एवढं होत होतं, तर आधी का नाही बोललात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा ती गोळी मला एकट्यालाच घ्यायची होती," तो म्हणाला.