सबवूफर लावला आणि खर्ज गेला

रेडिओकाकांचा मीटरपेक्षा कानांवर भरवसा. गिऱ्हाइकानं अँप्लिफायर टेबलावर ठेवला की काका वायर जोडत, मान तिरकी करत आणि म्हणत, "कपॅसिटर गेलाय." बहुतेक वेळा गेलेला असायचा. चाळीस वर्षं दुकान असंच चाललं.

मग कानांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वरचे बारीक सूर गेलेत, म्हणाल्या. वयानं जातातच. खालचे मात्र शाबूत आहेत. काका तो एकच शब्द मुठीत धरून घरी आले. शाबूत. दुकानाला तेवढं पुरे.

पंधरा दिवसांनी मेहुणा सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा स्पीकर, घेऊन आला. खोकं एवढं थोरलं की दोघांनी मिळून जिन्यावरून चढवलं. "भाऊजी, आता ऐका खर्ज कसा असतो ते," म्हणाला आणि घाईत निघून गेला.

काकांना दम कुठला. त्याच दुपारी जोडणी झाली. अँप्लिफायरच्या आधीचा डबा, प्रीअँप्लिफायर, त्यांच्या हातचा होता, व्हॉल्व्हचा, वीस वर्षांपूर्वी बांधलेला. त्याच्या मागून एक वायर अँप्लिफायरला जात होती. तिथंच दुहेरी पिन खोचून त्यांनी दुसरी वायर सबवूफरला दिली. चेलो या खर्जातल्या तंतुवाद्याची एक तबकडी त्यांना तोंडपाठ होती. ती लावली.

खर्ज वाढायचा राहिला, होता तोही गेला.

काकांनी बटण फिरवलं. मग खोकं कोपऱ्यात सरकवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. चौथ्या कोपऱ्यापर्यंत सदरा पाठीला चिकटला. काकूंना हाक मारली.

"जरा ऐक. खालचा आवाज येतोय?"

काकूंनी खोक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"येतोय की. घर हादरतंय नुसतं."

म्हणजे आवाज होता. फक्त त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

त्यानंतरचा आठवडा त्यांचा एका जागी पाय ठरला नाही. दुकानात सेट लावत, बंद करत, पुन्हा लावत. दारापर्यंत जात, तिथून ऐकत, परत येत. एका जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो आवाज?"

"काका, तुम्हीच विचारायला लागलात तर आम्ही कुणाला विचारायचं?"

तो हसला. काकांना हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी तीन सेट दुरुस्त न करताच परत दिले. शनिवारी जागामालकाला सांगून टाकलं, महिनाअखेर दुकान रिकामं करतो.

रविवारी सकाळी काकू कपडे घडी करत होत्या. काका खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बसा की. चक्कर येईल मला."

"दुकान बंद करतोय. मालकाला शब्द दिलाय."

काकूंचा हात थांबला. "का?"

"खालचेही गेले."

"कोण खालचे?"

"सूर. त्या दिवशी घर हादरत होतं म्हणालीस. मला काही ऐकू आलं नाही."

काकूंनी हातातली चादर तशीच मांडीवर ठेवली.

"मलाही नाही आलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भावानं एवढ्या हौसेनं आणलं. तुम्ही ते खोकं चार कोपऱ्यांत फिरवत होतात. म्हटलं, कशाला मन मोडा. आणि मला काय कळतंय त्यातलं."

"माझं मन राखायला खोटं बोललीस?"

"तुमचं कुठलं. त्याचं."

काका रागवायचेही राहून गेले. त्यांनी कपाटातून मीटर काढला आणि सूर काढायचं यंत्र काढलं. खर्जाचा एक सूर प्रीअँप्लिफायरला दिला. मागच्या बाजूला मोजला तर निम्माही भरेना. सबवूफरची वायर उपटली. काटा सरकन वर गेला. वायर लावली, खाली आला. काढली, वर. पाच वेळा केलं.

गोष्ट साधी होती. इम्पिडन्स म्हणजे आत शिरणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा. अँप्लिफायरचा अडथळा मोठा, एक लाख ओहम. तो घोटभर पिऊन तृप्त. सबवूफरचा अवघा दहा हजार. तो घटाघटा पिणारा. पाजणारा व्हॉल्व्हवाला म्हातारा, त्याच्या दाराशी चिमुकला कपॅसिटर. भार वाढला की त्या दारात आधी अडतो तो खर्जच. एकट्या सबवूफरचाच नव्हे, शेजारच्या अँप्लिफायरचाही. घेणाऱ्याचा अडथळा देणाऱ्याच्या निदान दसपट असावा, हे काकांनी किती गिऱ्हाइकांना दरडावून सांगितलं होतं. स्वतःच्या हातच्या डब्याबद्दल त्यांना शंकाच आली नाही. आधी संशय आला तो कानांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुपारपर्यंत त्यांनी एक बफर बांधला. हा मधला गडी. स्वतः जेमतेम घेणार आणि पुढच्याला दमदार देणार. प्रीअँप्लिफायर आणि सबवूफर यांच्यामध्ये तो बसवला. तबकडी लावली.

कपाटाचं दार खडखडलं.

"येतोय?" काकांनी विचारलं.

"येतोय. आणि मला अजिबात आवडला नाही. कमी करा."

काकांनी कमी केला. मग खाली बसले. बऱ्याच दिवसांनी बसले.

सोमवारी मालकाला सांगितलं, दुकान सोडत नाही. मालक म्हणाला, एक शिंपी जागा बघून गेलाय, आता त्याला काय सांगू? काका म्हणाले, घरात गैरसमज झाला होता, तेवढंच सांगा.

जीव तरी पुरता शांत झाला नव्हता. संध्याकाळी त्यांनी काकूंना दुकानात आणून स्टुलावर बसवलं. सूर काढायचं यंत्र लावलं आणि बटण फिरवून सूर वर वर नेत गेले.

"ऐकू येत असेल तर येतंय म्हण, नसेल तर नाही. कुणाचं मन राखू नकोस."

"येतंय. अजून येतंय. किती टोचतंय हो हे. तुम्हाला?"

काकांना तिथं फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"नाही," ते म्हणाले आणि दोघांनाही ऐकू येईल अशा सुरापर्यंत बटण हळूहळू खाली आणू लागले.