हिवरावर टांगलेले फोन

त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च होतं आणि पडत मात्र नव्हतं. वारा नाही, पान हलत नाही, सोयाबीन पिवळं होऊन सोंगणीला आलेलं आणि सदरा पाठीला चिकटलेला. असं आभाळ भरून आलं की आमच्याकडे आधी रेंज जाते, मग लाइट जाते, आणि मग माणसाचा धीर सुटत जातो.

मी बरडावर, गावाबाहेरच्या उंच माळावर, हिवराच्या झाडाखाली बसून होतो. माझी म्हातारी आठ दिवसांपासून अकोल्याला, जुन्या शहरात, लेकीकडे होती. लेक शोभा. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. आता तिसऱ्यांदा राहिले आणि नववा महिना भरला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण डॉक्टरीणबाईनं आमच्या गावाला गाडी किती वेळात येते विचारलं, फोन लागतो का विचारलं, आणि शोभाला हलूच दिलं नाही. म्हातारी निघताना एवढंच म्हणाली, "घरात बसू नका. झाडाखाली बसत जा."

म्हणून बसलो होतो. वाट पाहणारा माणूस दुसरं काय करणार? या झाडाखालच्या गोष्टी आठवत होतो. गोष्टी कोणी जमवायला जात नाही. उकिरड्यावर रोज एक टोपलं पडत जातं, आणि एक दिवस पाहावं तर ढीग झालेला असतो.

*

आमचं गाव बार्शीटाकळीकडचं, खोलगटात बसलेलं. टॉवर आहे, पण टेकडीच्या पलीकडे. आधी लोकांनी रेंज कुठं कुठं नाही शोधली! देवळाचा ओटा झाला, पाण्याची टाकी झाली. एकजण कवेलूच्या छपरावर चढला, तो घरात उतरला.

शेवटी रेंज सापडली ती बकऱ्यांमुळे. नामदेव बरडावर बकऱ्या चारायचा. फोन त्याच्याजवळ होता, पण उजेड पाडण्यापुरता. एक दिवस त्यानं बकऱ्यांसाठी शेंगा पाडायला हिवरावर आकडी टाकली. दोन्ही हात हवेत म्हणून फोन फांदीच्या बेचक्यात ठेवला. तर तो वाजला! नामदेवानं आकडी टाकून दिली आणि फोन कानाला न लावता कानच फोनला लावला. तिकडून एक बाई सांगत होती, तुमचा रिचार्ज संपला आहे.

नामदेव बकऱ्या तिथंच सोडून गावात पळत आला. "संपला! माहा रिचार्ज संपला!" गल्लीगल्लीतून ओरडत गेला. इतक्या आनंदानं ही बातमी दुसऱ्या कोणी सांगितली नसेल.

*

रेंज सापडली, पण ती पूर्वेकडच्या एकाच फांदीला. फोन हातभर खाली घेतला की लाइन कटते. म्हणून आम्ही फोन तिथंच टांगून ठेवतो. प्रत्येक घराची एक पिशवी. कोणाची जुन्या लुगड्याची, कोणाची पोत्याची, नामदेवाचा तर पोराचा शाळेचा मोजा आहे. खाली एक धोंडा ठेवला आहे. बोलायचं असेल त्यानं धोंड्यावर चढायचं, आवाज मोठा करायचा आणि पिशवीशी बोलायचं. बाजूला बसलेल्यांनी ऐकायचं. त्याला इलाज नाही.

सखूबाईची नवी सून एकदा अशीच माहेरी बोलत होती. तिकडून आई विचारते, सासू कशी हाय वं? ही म्हणते, "बरी हाय माय. पन भाजी अशी तिखट करते का डोयाले पानी येते. आन चहा उरला तरच मले देते." झाडाच्या बुंध्यामागं सखूबाई शेंगा वेचत बसली होती. तिनं शेंगांची पाटी उचलली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहिला कप सुनेला, आणि भाजी अशी सपक की सखूबाईच्या मालकानं विचारलं, घरात कोणी आजारी आहे काय?

संध्याकाळी सुनेनं पुन्हा फोन लावला. "माय, सुधरली."

तेव्हापासून आमच्या गावातल्या सुना माहेरी फोन लावायच्या आधी सासू झाडाखाली आहे का पाहतात. नसली तर बोलावून आणतात.

*

रेशनवाल्याचीही एक मशीन आहे, अंगठ्याची. तिलाही रेंज लागते. म्हणून महिन्यातून एक दिवस दुकान झाडाखाली येतं. एकदा असंच आभाळ होतं. धोंड्यावरून रेंज मिळेना म्हणून रेशनवाल्यानं बैलगाडी आणवली आणि मशीन घेऊन गाडीवर चढला. मशीन चालू झाली. पण अंगठे खाली!

मग एकेका म्हाताऱ्या माणसाला गाडीवर चढवणं सुरू झालं. काशीबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी. सारा जन्म कापूस वेचण्यात गेला, अंगठ्याच्या रेघा पुसून गेलेल्या. मशीन म्हणे, ही काशीबाई नाही. अंगठा धुतला, तेल लावलं, पदराला घासला. सातव्यांदा मशीननं कबूल केलं. तोपर्यंत बाकीचे लोक आपापलं धान्य घेऊन घरी निघाले होते आणि बैल चरायला सोडले होते.

काशीबाई गाडीवर उभी. "मी काशीबाई हाय हे तं ठरलं," ती म्हणाली, "आता मले खाली कोन उतरवन थे बी ठरवा."

*

गावाला टॉवर मिळावा म्हणून अर्ज झाले, त्याची गोष्ट देविदासची. देविदास आमचा माजी सरपंच, मोठा चिकाटीचा माणूस. अर्जाला उत्तर आलं की तक्रार फोनवरच नोंदवावी लागेल. देविदास झाडावर चढला, कारण त्या दिवशी धोंड्यावरही भागत नव्हतं. तिकडून एक पोरगी गोड आवाजात बोलली. तिनं गावाचं नाव घेतलं, तालुका घेतला, मग म्हणाली, सर, तुमचा फोन तर व्यवस्थित लागला आहे, मग तक्रार काय आहे?

देविदास म्हणाला, "बाई, मी झाडावर हाओ."

तिनं तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, सर, मग कृपया खाली उतरून फोन करा.

देविदास साधा माणूस. उतरला. अर्धा तास खाली उभा राहून नंबर लावत होता.

*

आता एक गोष्ट आहे ती हसण्याची नाही. पांडुरंगाचा थोरला भाऊ अमरावतीला दवाखान्यात होता. तो गेल्याचा फोन झाडावर आला. ज्यानं घेतला त्याला काही सुचलं नाही, त्यानं बरडावरूनच आवाज दिला. पांडुरंग तेव्हा कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, गंजीवर उभा होता. ऐकलं आणि तिथूनच खाली आला. अजून लंगडतो.

त्यानंतर चार जाणती माणसं बसली आणि ठरवलं. फोन कोणाचाही वाजो, झाडाखाली जो असेल त्यानं उचलायचा. बातमी चांगली असली तर तिथूनच त्या माणसाला हाक मारून सांगायची, साऱ्या गावाला ऐकू जाऊ द्यायची. बातमी वाईट असली तर तोंड मिटून त्याच्या घरी जायचं. बसायचं. आधी पाणी मागायचं, आणि मग सांगायचं.

ही रीत इतकी लागली आहे की दारात कोणी घामाघूम येऊन पाणी मागितलं तर आमच्या बायका माठाकडे वळायच्या आधी भिंतीला हात लावतात.

*

मी दुसरीपर्यंत शिकलो. कागदावरचं अक्षर लावत लावत वाचतो, पण फोनवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून जावयानं युक्ती केली. शोभाच्या घरून फोन आला की माझ्या फोनमध्ये कोंबडा आरवतो. बाकी कोणाचाही आला तर नुसती घंटी.

युक्ती चांगली होती. पण बरडाच्या पायथ्याशी गोदाबाईचं घर आहे आणि तिच्याजवळ एक खराखुरा कोंबडा आहे. त्याला वेळकाळ समजत नाही. या आठ दिवसांत मी त्याच्यामुळे किती वेळा धोंड्यावर चढलो आणि उतरलो, देवाला माहीत. एकदा तर पिशवीशी बोलूनही पाहिलं, "शोभे, बोल माय." गोदाबाई खालून पाहत होती. तिला दया आली असेल. म्हणाली, "दादाजी, तुमच्या पोरीची सुटका होऊ द्या, मंग त्याले कापूनच टाकू."

*

एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. आज सांगतो.

माझ्या शेजारी वासुदेव राहतो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. घराला घर लागून, वावराला वावर लागून. पूर्वी सकाळी उठला की कुडावरून पहिली हाक मला मारायचा, "ओ दादा, उठले का?" नऊ वर्षांमागं धुऱ्यावरून बिनसलं. दोन हात जमिनीचा तो बांध. तो म्हणे मी त्याच्याकडे सरकवला, मी म्हणे त्यानं माझ्याकडे. तेव्हापासून बोलणं बंद. झाडाखाली तो असला तर मी पलीकडे तोंड करून बसतो, मी असलो तर तो वाट वाकडी करून जातो.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच झाडाखाली होतो आणि त्याच्या पिशवीतला फोन वाजला. रीत होती, उचलायला पाहिजे होता. मी बसून राहिलो. तीनदा वाजून थांबला. त्याचा पोरगा बायकोलेकरांना घेऊन पुण्याहून येत होता, फाट्यावर बैलगाडी पाठवा सांगायला फोन होता. गाडी गेली नाही. भर उन्हात लहान लेकरू खांद्यावर घेऊन ते दोघं चार मैल चालत आले. मी ओसरीवर बसून त्यांना येताना पाहिलं. वासुदेवाला कळलं की झाडाखाली कोण होतं. तो भांडायलाही आला नाही. बोलणं बंदच होतं ना.

*

तर त्या दिवशी. दुपार झाली, बैलांना पाणी दाखवायचं होतं. सगळं गाव सोंगणीला गेलेलं, झाडाखाली माझ्याशिवाय कोणी नव्हतं. फोन पिशवीत राहू दिला आणि घरी आलो. बैलांना पाणी पाजलं. कडबा टाकत होतो तेव्हा दूर कोंबडा आरवला. गोदाबाईच्या कोंबड्यानं सकाळपासून दोनदा फसवलं होतं. पायही दुखत होते. मी ओसरीवर बसलो आणि कान बरडाकडे दिले. हाक येते का पाहिलं. आली नाही. म्हटलं, कोंबडाच असेल.

थोड्या वेळानं वासुदेव बरडाकडून येताना दिसला. पळत म्हणावं असा चालत होता. डोक्याचा दुपट्टा हातात, घामानं निथळलेला. मला वाटलं, त्याच्या घरी काही झालं. तो त्याच्या दाराशी आला आणि थांबला नाही. पुढं आला. नऊ वर्षांत त्यानं माझ्या अंगणात पाय ठेवला नव्हता. तो आला आणि माझ्या ओसरीवर बसला.

म्हणाला, "पानी."

मी उठलो. माठापर्यंत पाच पावलं आहेत, मला ती सरत नव्हती. गडू भरला तर अर्धं पाणी पायावर. मला शोभा दिसत होती आणि का कोण जाणे, त्या उन्हातलं वासुदेवाचं नातवंड दिसत होतं, बापाच्या खांद्यावरून आजोबाच्या गावाला येणारं. गडू त्याच्या हातात दिला. त्यानं सगळा रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. मी पुन्हा भरून आणला. खांब धरून उभा राहिलो.

दुसरा गडू त्यानं सावकाश प्यायला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एकदम उठून उभा राहिला. घाबरल्यासारखा म्हणाला,

"आवं, तसं नाही! नात झाली तुमाले, दोघी मायलेकी खुशाल हायेत. झाडाखालूनच आवाज देनार होतो. पन नऊ सालं झाले, तुमाले काय म्हनून हाक मारू, थेच सुचलं नाही, दादा."