दादांचा उजवा खांदा

बाजारातल्या निम्म्या दुकानांची शटरं दादांच्या हाताखालून गेलेली. स्प्रिंग तुटली, पट्टी वाकली, की बोलवा दादांना. पण हा माणूस आला की आधी विचारायचा, "काल मॅच बघितलीत का?" बघितली म्हणालात तर मेलात! शटर अर्धं लटकत राहायचं आणि धाकट्या भावाचा एकेक फटका पाना हवेत फिरवून दाखवला जायचा. देशाकडून खेळणारा तो फलंदाज दादांचा सख्खा भाऊ होता. "त्याला घडवलाय या खांद्यानं," असं म्हणून दादा उजव्या खांद्यावर थाप मारायचे.

आणि ती काही नुसती फुशारकी नव्हती. वडील लवकर गेले, क्लबात या पोराला कोण विचारतो! घराला लागूनच दादांचं दुकान, त्यामागे दोन भिंतींमध्ये लांबट बोळ होता. तिथे रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दादा त्याला चेंडू टाकायचे. टाकायचे कसले, जवळून, जीव खाऊन फेकायचे, बरोबर छातीवर येईल असे. "तोंड फिरवलंस तर याद राख!" असं वर दरडावायचे. आई आतून ओरडायची, "अरे, पोराचा जीव घेशील!" पोरगं वाचलं, आणि आखूड चेंडू मारायला शिकलं.

पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकलं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने आरशाच्या वर त्याचा फोटो लावला. पुढच्या दौऱ्यात काही केल्या धावा होईनात, धाकटा संघाबाहेर गेला आणि फोटोही उतरला. मग स्थानिक सामन्यांत खोऱ्याने धावा काढून तो परत आला. फोटो परत वर! नंतर बोट मोडलं, जागा दुसऱ्याने घेतली, आणि फोटोच्या जागी तेलाची जाहिरात आली. लोकांचं काय घेऊन बसलात, उगवत्याला नमस्कार! दादा मात्र त्या सलूनात पुन्हा केस कापायला गेले नाहीत.

धाकट्याच्या कानशिलावर केस पांढरे व्हायला लागले होते, तेव्हा अचानक निवड समितीचा फोन आला. कोणीतरी जखमी झालं होतं, पुढच्या महिन्यातल्या दौऱ्यावर त्याला न्यायचं होतं. ही शेवटची संधी, हे कोणी बोललं नाही, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. दोघे भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच बोळात उतरले.

दादांनी नेहमीसारखा जीव खाऊन चेंडू फेकला. तो धाकट्याच्या हेल्मेटवर आदळला. दुसरा बरगडीत बसला. तिसऱ्याला चेंडू भिंतीवर आपटल्यावर बॅट फिरली. धाकटा हसला, "झोप उडाली नाही अजून, दादा." पण दादांनी ओळखलं. त्याला चेंडू उशिरा दिसत होता. ज्याला लहानपणापासून रोज चेंडू टाकले त्याचं हे कळायला यंत्र लागत नाही.

पुढचा चेंडू दादांनी जरा हळू टाकला. टणकन बॅटवर बसला! धाकट्याच्या तोंडावर जुनं हसू आलं आणि दादांचा जीव विरघळला. म्हटलं, आज राहू दे, आधी याचा धीर वाढू दे. उद्यापासून वेग वाढवू. तो उद्या काही उगवला नाही. रोज चेंडू आणखी थोडा हळू, आणि रोज धाकटा आणखी खूश.

वहिनी स्वयंपाकघरातून भिंतीवरचा आवाज ऐकत होत्या. एकदा त्यांनी विचारलंच, "अहो, पूर्वी भांडी हादरायची. आता काय फुलं टाकताय का? खरं सांगा त्याला."

"तोंडचा घास आहे त्याच्या. कसं सांगू?" दादा म्हणाले.

सामना दादांनी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर बघितला. पहिल्या डावात आखूड चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून उडाला, झेल गेला. दुसऱ्या डावात चेंडू हेल्मेटवर बसला आणि पुढच्याच चेंडूवर त्रिफळा. टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, "वय कोणाला चुकलंय!" दादांनी टीव्ही बंद केला. हातून पाप घडल्यासारखं त्यांना झालं.

धाकटा घरी आला, बॅग टाकली आणि सरळ बोळात जाऊन पायरीवर बसला. दादा शेजारी बसले. आज सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच.

"दादा, रागावू नकोस, पण एक विचारतो. खांदा कधीपासून दुखतोय तुझा?"

दादांनी चमकून मान वर केली.

"चेंडू हळू येतोय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हटलं, जन्मभर माझ्यासाठी फेकून झिजला बिचाऱ्याचा खांदा. दुसरा कोणी बोलावला असता तर तुला काय वाटलं असतं? म्हणून गप्प बसलो." धाकट्याने डोळे पुसले. "सराव नीट मिळाला असता ना, तर दोन्ही चेंडू मैदानाबाहेर मारले असते. नजर अजून शाबूत आहे रे माझी."

दारात वहिनी उभ्या होत्या. दादांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. डावा हात हळूच उजव्या खांद्यावर ठेवून ते म्हणाले, "हो रे. बरेच दिवस झाले. तुला सांगायला जीभ रेटेना."

त्यानंतर निवड समितीचा फोन आला नाही. आता सकाळी दुकानाचं शटर धाकटाच उचलतो. "तू हात लावू नकोस, दादा," म्हणतो, आणि संध्याकाळी मलम चोळून देतो. बाजारात बोललं जातं की भावाच्या खांद्याने चांगला खेळाडू बुडवला. दादा ऐकून घेतात, मान डोलावतात. स्प्रिंग डाव्या हाताने आवळतात, कामाला दुप्पट वेळ लागतो.

परवा धाकटा बाहेरगावी गेला होता. दादा बोळात गेले, जुना चेंडू शोधला आणि सगळा जीव एकवटून उजव्या हाताने भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा उडाला, आत भांडी खणखणली. वहिनी धावत आल्या.

"अहो, हळू! कोणी ऐकलं तर त्याला जाऊन सांगतील."

दादांनी वाकून चेंडू डाव्या हाताने उचलला आणि फळीवर ठेवून दिला.