साक्षीनाना आणि आमचं नाटक

साक्षीनाना न पाहिलेली गोष्ट कधी बोलत नसत. कुणी विचारलं, "नाना, औंदा भात कसं हाय?" तर म्हणत, "माझं बरं हाय. बाकीच्यांचं पायलं नाय." शेजारचं शेत त्यांच्या पडवीतून दिसायचं, तरी बांधापर्यंत जाऊन आल्याशिवाय ते त्याविषयी चकार शब्द काढत नसत. लोक वैतागायचे, नकला करायचे. पण गुरं कुणाच्या शेतात शिरली यावरून वाद झाला, की कुडपणच्या पठारावरच्या आमच्या वाडीत पहिलं बोलावणं नानांनाच जायचं.

हे नाव त्यांना महाडच्या कोर्टामुळे पडलं. वाडीतल्या दोन चुलतभावांत बांधावरच्या फणसावरून जुंपली आणि धाकट्याने, सख्याने, थोरल्यावर कोयता चालवला. थोरला जागीच गेला. गवताचा भारा घेऊन येणाऱ्या नानांनी ते पाहिलं. सख्याच्या वकिलाने त्यांना दिवसभर घोळवलं. नानांचं आपलं एकच, "कोयता उचलताना पायला, खाली येताना पायला. आदी कोण काय बोललं ते ऐकलं नाय." सख्याला जन्मठेप झाली. सख्याची आई ठकूबाय नानांची सख्खी शेजारीण. आता दोन्ही घरांचं बोलणं तुटणार असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "तुमी पायलंत ते सांगितलंत. तुमास्नी काय बोलू?" तेव्हापासून नाना जंगलातून आणलेल्या लाकडांतली निम्मी तिच्या दारात टाकत. याबद्दल दोघं कधी काही बोलले नाहीत.

चार-पाच वर्षांनी आम्ही मुंबईकर गिरणीवाल्यांनी शिमग्याला या खुनावर नाटक बसवलं. 'खऱ्या घटनेवर आधारलेलं' असं दोन दिवस वाडीवाडीतून ओरडत फिरलो. खऱ्या घटनेत नायक नव्हता, ही आमची अडचण. मग आमच्या लेखकाने सख्याला निर्दोष केलं, खून खोताच्या माथी मारला आणि साक्षीदार खोताने फितवलेला ठरवला. तो साक्षीदार मी. सोंग हुबेहूब वठावं म्हणून मी चार दिवस नानांच्या पडवीत बसून होतो. नानांनी हौसेने सगळं दाखवलं. पिंजऱ्यात कसे उभे राहिले, हात कुठे ठेवला, पाणी कधी मागितलं. "नीट कर हां," म्हणाले. "माज्यासारका सरळ उभा ऱ्हा." नाटकात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज त्याची लाज वाटते.

नाना कोर्टात घातलेला कोट घालून पुढे बसले होते. मी नुसता उभा राहिलो तरी हशा पिकला. खोताने मला फितवलं तेव्हा बायका ओरडल्या, "जीभ झडंल तुजी, मेल्या!" कुणीतरी नारळाची करवंटी फेकून मारली. ती कपाळाला लागली आणि मी मनात म्हणालो, काम झकास झालं. शेवटी साक्षीदार न्यायाधीशाच्या पाया पडून खोटेपणा कबूल करतो आणि सख्या सुटतो. तेव्हा ठकूबाय उठली. "सख्या रं!" म्हणत ती रंगमंचापाशी गेली आणि सख्या झालेल्या पोराचं तोंड दोन्ही हातांत धरून रडू लागली. सगळा मांडव रडला. फक्त नाना शेजाऱ्याला सांगत होते, "तो मी नाय. मी आसं काय केलं नाय." शेजारी डोळे पुसता पुसता हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाय नानांच्या दारात पदर पसरून उभी. "काल नाटकात जसं कबूल केलंत तसं महाडात जाऊन करा, नाना. माजा पोर घरी येईल."

मी धावत गेलो. म्हटलं, "ठकूबाय, ते नाटक होतं गो."

"मग खरी गोष्ट हाय म्हणून तुमीच वरडत होतात ना?"



नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल रे." आम्ही डोंगर उतरून पोलादपूरला आलो आणि एस.टी.ने महाड गाठलं. कोर्टातल्या कारकुनापुढे नाना तसेच सरळ उभे राहिले. पाणी मागून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी पायलं नव्हतं." त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. कारकून भला होता. म्हणाला, "बाबा, तो खटला कधीच संपला. पुन्हा हे बोलू नकोस, नाहीतर तूच आत जाशील. घरी जा."

घरी येऊन त्यांनी ठकूबायला एवढंच सांगितलं, "सांगून आलो." ती वाट पाहू लागली. वाडीने मात्र त्याचा हवा तो अर्थ काढला: साक्ष खोटी होती हे नानांनी स्वतःच कबूल केलं. मग त्यांना कुणी कशाला बोलावेना. सख्या येत नाही म्हटल्यावर ठकूबायही फिरली, त्यांनी टाकलेली लाकडं अंगणाबाहेर फेकू लागली. नाना ती उचलत आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवत. दोन पावसाळे हे चाललं. तिसऱ्या पावसाळ्याआधी नाना गेले. खांदा द्यायला चौथा माणूस खालच्या गावातून आणावा लागला. मी तेव्हा गिरणीत होतो.

ठकूबायही गेल्यावर सख्या शिक्षा भोगून आला. पारावर बसून सगळ्यांसमक्ष म्हणाला, "मीच मारला. नाना बोलले ते आक्षर न आक्षर खरं." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुरुंगात मारून मारून वदवून घेतलंय बिचाऱ्याकडून," म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "तुमी नानांचं सोंग केलं होतंत ना? येकदा बोलून दावा. माज्या आयेला ते लाकडं देत व्हते म्हणं. कसे बोलायचे, मला आता आठवत नाय."

मी उठून सरळ उभा राहिलो, तोंड उघडलं. बाहेर पडलं ते आमच्या नाटकातलं वाक्य, त्या फितूर माणसाच्या आवाजात. दारातली पोरं खो-खो हसली. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज आला. खरे नाना माझ्याकडेही उरले नव्हते.