तुस्कानोंचं घोडदळ

वसईचा फ्लॉयड तुस्कानो बहारीनमध्ये पोटासाठी सित्र्याच्या एका कंपनीत बसगाड्यांच्या पाळ्या लावायचा. हौसेसाठी मात्र तो घोडदळात होता. घोडदळ पणजोबांचं. इंग्रजांच्या काळातली मुंबईची स्वयंसेवक पलटण: दिवसभर बँकेत नि पेढीवर बसणारे गोरे साहेब पहाटे कवायतीला यायचे, घोडा ज्याचा त्याने आणायचा. हे सांगायला लागला की फ्लॉयड खुर्ची मागे सारून उभा राहायचा, टाचा जुळवायचा, आणि पणजोबा भाला रोखून दौडत सुटायचे. ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जाई. गोऱ्यांच्या पलटणीत तुस्कानो शिरले कसे, हे विचारून रंगाचा बेरंग कोण करणार?

ऑफिसातली सुहा मात्र बहारीनी, घरचे घोडे असलेली. एका शुक्रवारी तिने सगळ्यांना सनद गावाजवळच्या तबेल्यावर बोलावलं आणि पांढरी घोडी थेट फ्लॉयडपुढे आणून उभी केली. घोडदळाचं रक्त आहे तुमचं, म्हणाली, पहिला मान तुमचा. यल्ला, चला!

फ्लॉयड जन्मात घोड्यावर बसला नव्हता. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांची मैफल बुडणार, हो म्हणावं तर हाडं मोडणार. त्याने रिकिबीत पाय अडकवला. घोडी सरकली. दुसऱ्या पायाने लंगडी घालत तोही तिच्याबरोबर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि वाळूत बसला.

हिशेब खात्यातल्या पुण्याच्या चारुलताने पाण्याची बाटली पुढे केली. पणजोबांनी घरात कुणाला शिकवलं नाही का, असं तिने अगदी भोळेपणाने विचारलं.

"काय शिकवणार, बाई?" फ्लॉयडची बायको आयरीन म्हणाली. "ते मोतद्दार होते. साहेब वर, हे खाली. घोडा धरून उभे राहायचे."

फ्लॉयड उठला, पँट झटकली, टाचा जुळवल्या.

"खरी गोष्ट तर पुढेच आहे," तो म्हणाला. "लाटसाहेब पाहणीला आलेले. साहेब लोक रांगेत, तलवारी उपसलेल्या. पणजोबा कडेला, हातात हरभऱ्याने भरलेला तोबरा. घोड्याच्या तोंडाला बांधतात तो. आणि त्यांना आली शिंक. तोबरा खुळखुळला."

मग त्याने ती पलटण अशी काही उधळवली! तलवारी, टोप्या, साहेबांच्या शिव्या यांसकट अख्खी रांग लाटसाहेबांना वळसा घालून पणजोबांवर चालून आली. सुहा हसून हसून कुंपणाला टेकली. घोडीसुद्धा कान टवकारून उभी.

हे खरं का हो, चारुलताने आयरीनला हळूच विचारलं.

"पणजोबा खरे," आयरीन म्हणाली. "शिंक आजची आहे."