कण्या भाकरीत धरत नाहीत

"आठ किलो, सहा आठवड्यांत. त्याशिवाय मी भूल देणार नाही," असं म्हणत भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि निघून गेले.

नांदेडच्या त्या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ होते. समोर सुशीलाबाई बसल्या होत्या. किनवटकडच्या एका निवासी शाळेत स्वयंपाकीण. वजन शहाण्णव. पोटाला हर्निया, म्हणजे आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर डोकावत होतं. पातेलं उचललं की कळ यायची. ऑपरेशन लांबलं तर काम सुटणार आणि त्या कामावरच मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललेलं.

शुगर नव्हती, किडनी ठणठणीत. म्हणून मी लो-कार्ब द्यायचं ठरवलं. भाकरी, पोळी, भात, साखर, बटाटा कमी करायचं. डाळ, अंडी, भाजी वाढवायची. पिठूळ खाणं कमी झालं की शरीर साठवलेली साखर वापरतं, मग चरबीला हात घालतं. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं, त्यामुळे एकूण खाणंच कमी होतं. खरी गंमत तीच. छापील कागद दिला आणि आठवड्याने बोलावलं.

आठवड्यात तीन किलो उतरले! मी अक्षरशः पळत ऑपरेशन थिएटरात गेले.

"पाणी आहे ते," डॉक्टर म्हणाले. "नाचू नका."

त्यांचं बरोबर होतं. साठवलेल्या साखरेबरोबर शरीर पाणीही धरून ठेवतं. साखर संपली की पाणी जातं. चरबी त्यानंतर, सावकाश. पण माझा उत्साह काही जाईना.

तिसऱ्या आठवड्यात काटा हलला, तो वरच्या बाजूला. माझं डोकं सरकलं.

"भाकरी खाता ना चोरून?"

"न्हाई मॅडम. तीन आठवडे होत आले, भाकरीला हात लावला न्हाई."

"मग सकाळपासून काय खाल्लं, सगळं सांगा."

"चहा, बिगर साखरेचा. मंग कण्या."

"किती?"

त्यांनी दोन्ही हातांनी भगुण्याचा, म्हणजे पातेल्याचा, आकार दाखवला. ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या, ताक घालून, दोन वेळा. पहिला आठवडा वरणावर काढला, मग भूक निघेना म्हणून त्या धरल्या होत्या. आमच्याकडे कण्या म्हणजे आजाऱ्याचं पातळ खाणं. जेवणात कुणी धरतच नाही. मी लातूरकडच्या औशाची, कण्यांवरच वाढलेली, तरी कागदावर 'भाकरी' लिहून मोकळी झाले होते.

"पण अंडी, पनीर, भाजी लिहून दिली होती ना?"

"शाळेतली अंडी पोरींच्या वाट्याची हायती, ती मी कशी खाऊ? घरच्या कोंबड्यांची इकते मी. भाजी टँकरच्या पाण्यावर कुठली यायची औंदा? अन् पनीर किनवटात हुडकून राहिले मॅडम, लगीनघर सोडून कुठं गावंना." मग जरा थांबून म्हणाल्या, "सुकट चालती का? आमच्या घरी लई खातेत. तुम्ही इचारलंच न्हाई."

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. निव्वळ प्रथिनं, स्वस्त, आणि दुष्काळात न सुकणारी, कारण आधीच सुकलेली. मी शाकाहारी घरातली. मला सुचलंच नव्हतं. लाज वाटली मला, आणि आनंदही झाला.

"चालते? पळते," मी म्हणाले. "फक्त दोनदा धुऊन घ्या, मीठ जाऊ द्या."

सुकट, घरच्या कोंबड्यांची अंडी, घट्ट वरण आणि एका वेळी अर्धी भाकरी. कण्या बंद. चौथ्या आठवड्यापासून काटा खाली यायला लागला. बाई फोन करायच्या, "भूकच न्हाई लागून राहिली मॅडम, काही बिघडलं का?" काही बिघडलं नव्हतं. नेमकं हेच व्हायला हवं होतं.

सहाव्या आठवड्यात साडेसात किलो उतरले होते.

"आठ सांगितले होते," डॉक्टर म्हणाले.

"उरलेला अर्धा माझ्या नावावर टाका. तीन आठवडे मी वाया घालवले."

ते हसले आणि त्यांनी भूल द्यायच्या कागदावर सही केली. ऑपरेशन नीट झालं. विश्रांती संपल्यावर बाई कामावर रुजू झाल्या.

तो छापील कागद मी फाडला. आता आधी विचारते, घरी काय शिजतं? सगळं सांगून होईस्तोवर वीस मिनिटं जातात, बाहेर रांग लागते, हॉस्पिटलचे साहेब ओरडतात. ओरडू देत.